मस्कीसाठी वीतभर लांबीची फ्लाय: बांधणी, लाइन, लीडर आणि बोटीजवळचा आठ

काठावरून

मस्की, पूर्ण नाव मस्केलुंज, हा पाइकच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा. घर उत्तर अमेरिकेत: ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, वरची मिसिसिपी, ओहायोचं खोरं. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. शिकागो, मिनियापोलिस, डेट्रॉइट, टोरांटोकडच्या आपल्या मंडळींना त्याचं पाणी फार लांब नाही. तरीही फ्लाय (पिसं-केस गळावर बांधून केलेलं नकली भक्ष्य) आणि तिचा रॉड घेऊन त्याच्या वाटेला कमी लोक जातात, कारण ‘दहा हजार फेकींचा मासा’ ही त्याची ख्याती आधी कानावर आलेली असते.

फेकी जास्त लागतात हे खरं आहे. म्हणूनच सगळ्यात आधी हे सांगतो: मोठी फ्लाय म्हणजे भरगच्च फ्लाय नव्हे. २५ ते ३० सेंमीची फ्लाय पाण्यात सकर माशाएवढी (मस्कीचं एक भक्ष्य) जाड दिसायला हवी, पण हवेत तिचं ओझं वाटता कामा नये. केस जेवढे कोंबाल तेवढं पाणी ती धरते आणि दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. मग फेक आखूड पडते, बोटीजवळ आठ काढायचा (रॉडचं टोक पाण्यात घालून फ्लाय इंग्रजी 8 च्या आकारात फिरवायचा) कंटाळा येतो, आणि मासा नेमका तिथेच मागे आलेला असतो.

रॉड ९ फुटी, ११ वेट (वेट म्हणजे रॉड आणि लाइनच्या ताकदीचा नंबर, मोठा तितका जड). १० वेट २० सेंमीच्या फ्लायपर्यंत ठीक. १२ वेट दिवसभर फेकणं सगळ्यांना झेपत नाही. मुठीच्या वर जास्तीचं कॉर्क असलेला रॉड मिळाला तर जरूर घ्या, आठ काढताना दुसरा हात तिथे बसतो.

लाइनचा पुढचा भाग छोटा आणि जड हवा. ठरलेल्या मापाप्रमाणे ११ वेट लाइनचे पहिले ३० फूट ३३० ग्रेनचे असतात. मस्कीच्या लाइन त्याच रॉडसाठी ४०० ग्रेनच्या आसपास, म्हणजे साधारण २६ ग्रॅम, ठेवतात. कारण सरळ आहे, ओली फ्लाय उलटवायला पुढे वजन लागतं. एकच लाइन घ्यायची तर इंटरमीडिएट, म्हणजे सावकाश बुडणारी, घ्या. उथळ गवतावरून ती हळू बुडते आणि फ्लाय दीड मीटरच्या आत राहते. खोल डोहांसाठी आणि शरद ऋतूसाठी दुसरी, टोक बुडणारी. तरंगती लाइन फक्त पृष्ठभागावरच्या फ्लायसाठी.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला तुकडा, एकूण १.२ मीटर: लाइनकडून ७५ ते ८० सेंमी ५० पौंडी फ्लुरोकार्बन, पुढे ४० सेंमी गाठ बसणारी स्टीलची तार, टोकाला मजबूत क्लिप. ट्राउटचा ९ फुटी लीडर इथे दोन कारणांनी नको. एक, लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते. दोन, आठ काढताना लाइन-लीडरची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीत अडकते.

नवखा_मिनियापोलिस

छान सुरुवात. दोन शंका आहेत. क्लिप कशाला, थेट गाठ का नको? आणि फ्लाय विकत घ्यावी की बांधावी? दुकानातल्या किमती बघून बोटं दुखली तरी चालतील असं वाटतंय.

काठावरून

क्लिप अशासाठी की दिवसातून पाच-सहा वेळा फ्लाय बदलायची असते आणि दर वेळी तार कापली तर लीडर आखूड होत जातो. शिवाय क्लिपमध्ये फ्लाय मोकळी हलते. मात्र सेफ्टी पिनसारखी साधी क्लिप घेऊ नका, ती मोठ्या माशाच्या वळशात उघडते. दोन्ही टोकं अडकणारी घ्या आणि बोटांनी ताण देऊन बघा.

बांधणीबद्दल पीसवाली ताईंनी लिहावं, त्यांच्या हाताला तोड नाही.

पीसवाली

लिहिते. ही फ्लाय साधारण २८ सेंमीची होते. मागे गळ, पुढे ५० मिमीचा जोडदांडा (कडी असलेला, गळ नसलेला धातूचा दांडा), गळाचा डोळा दांड्याच्या मागच्या कडीत. त्यामुळे गळ फ्लायच्या डोक्यापासून ९ ते १० सेंमीवर येतो. मस्की भक्ष्याला आडवा धरतो आणि मग फिरवून डोक्याकडून गिळतो, म्हणून शेपटीतल्या गळापेक्षा पुढच्या तिसऱ्या भागातला गळ जास्त वेळा लागतो.

सामान: ६/० चा रुंद पोटाचा गळ, २०० डेनियर जाडीचा जीएसपी (फार मजबूत कृत्रिम) दोरा, एक मोठं बकटेल (पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शेपटी), कोंबड्याच्या पाठीची १५ ते १८ सेंमी लांब सॅडल पिसं ६ ते ८, दोन श्लॅपन (कोंबड्याची रुंद, मऊ) पिसं, चमकी, डोक्यासाठी हरणाच्या पोटाचे केस, सुपरग्लू, यूव्ही रेझिन (अतिनील दिव्याखाली घट्ट होणारा), शाईची कांडी काढलेल्या बॉलपेनची नळी.

गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका आणि टोक कानशीने घासा. नखावर टेकवून हलकेच ओढलं की टोक रुतलं पाहिजे. घसरलं तर अजून घासायचं. फ्लाय पूर्ण झाल्यावर हे करायला गेलात आणि गळ मोडला तर दोन तासांचं काम वाया जातं.

जीएसपी दोरा फार मजबूत पण गुळगुळीत असतो. गळाच्या दांड्यावर दोऱ्याचा पाया घालून सुपरग्लूचा एक थेंब द्या, नाहीतर संपूर्ण फ्लाय दांड्यावर गोल फिरते. गळ वाकतो तिथे पिसं बांधा, एका बाजूला तीन-चार, दुसऱ्या बाजूला तितकीच, पोटं एकमेकांकडे. त्यावर चमकीचे २० धागे मधोमध बांधून दुमडा. चमकी पिसांपेक्षा २ सेंमी लांब राहू दे.

आता खरी गोष्ट, उलटी बांधणी. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी समुद्रातल्या स्ट्राइप्ड बाससाठी पोकळ फ्लायची ही पद्धत रूढ केली, ती मस्कीला तशीच लागू पडली. बकटेलचा अर्ध्या पेन्सिलीएवढा जुडगा कापा. बुडाशी धरून विंचरा. मऊ लव आणि आखूड केस गळून जुडगा जवळपास एक तृतीयांश कमी होतो, होऊ दे. केसांची टोकं पुढे, डोळ्याकडे करून जुडगा दांड्यावर ठेवा, दोन सैल वेढे घ्या, बोटांनी केस चहूबाजूंनी पसरवा, मग दोरा आवळा. बुडखे कापा. पेनची नळी समोरून सरकवा, सगळे केस मागे वळतील. नळीला टेकून केसांच्या पुढे १० ते १५ वेढ्यांचा बांध घाला. बांध केसांवर जितका चढेल तितके केस मागे झोपतात, जितका पुढे राहील तितके उभे राहतात. उभे केस म्हणजे रुंद अंग. आत सगळी पोकळीच असते, आणि पाण्यात मात्र जाड मासा दिसतो. बांधावर रेझिनचा पातळ थर.

गळावर असे दोन जुडगे, सव्वा सेंमीच्या अंतराने. मग दांडा जोडा, मागची कडी दोऱ्याने बंद करून रेझिन घाला. दांड्यावर आणखी दोन जुडगे, दर वेळी केस थोडे कमी आणि थोडे आखूड. नंतर श्लॅपनची दोन पिसं गुंडाळा. शेवटी हरणाच्या पोटाच्या केसांचे दोन-तीन जुडगे दाबून बसवा आणि डोकं कातरा. खालून सपाट, समोरून बोथट.

बकटेल निवडताना एक बघा. शेपटीच्या बुडाकडचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात. टोकाकडचे बारीक आणि भरीव असतात, ते फुलत नाहीत. उलट्या बांधणीला वरचे दोन तृतीयांश केस वापरा. बुडाकडचे डोक्यासाठी ठेवा.

चिपेवा_११

ताई, प्रतिसाद जपून ठेवला. बोथट डोक्याबद्दल एक भर. दोर खेचला की ते डोकं पाणी ढकलतं आणि खेच थांबली की मागचा हलका भाग पुढे येऊ पाहतो, त्यामुळे फ्लाय आडवी वळते. मस्की बहुतेक याच क्षणी तोंड घालतो. म्हणून नुसतं खेच-खेच-खेच करू नका. ४० सेंमीची एक झटक्याची खेच, अर्धा ते एक सेकंद पूर्ण विसावा, पुन्हा खेच. दोर विसाव्यात अगदी सैल सोडला तर फ्लाय वळते, ताणलेला ठेवला तर सरळच येते. हेच शिकायला वेळ लागतो.

फ्लाय वळत नसेल तर डोकं फार निमुळतं कातरलंय किंवा अंग फार ताठ झालंय. आडवी लोळत असेल तर डोक्यातले केस जास्त, गळाचं वजन कमी. गळाच्या वाकणाजवळ शिसेविरहित तारेचे चार वेढे घातले की तळ जड होऊन उभी राहते. गोल गोल फिरत असेल तर एका बाजूची पिसं जास्त किंवा डोक्यावर नकली डोळे लावले असतील तर ते वेडेवाकडे चिकटलेत.

आणि शेपटी गळात गुंतणं! याच्यावर आधीच उपाय करा. मऊ लांब पिसांना बुडाशी आधार नसला की फेकीत ती गळाच्या वाकणात अडकतात. पिसं बांधायच्या आधी ५० पौंडी कडक नायलॉनचा ३ ते ४ सेंमीचा आडवा फासा मागे काढा, पिसं त्यावर टेकतात. गुंतलेली फ्लाय आणताना हाताला जाणवते, खेच जड आणि एकसुरी लागते. तसं वाटलं की उचलून बघा, ती फेक तशीही फुकट गेलेली असते.

सशाच्या कातड्याच्या पट्ट्या वापरू नका असं माझं स्पष्ट मत. पाण्यात सुंदर हलतात, पण ओल्या झाल्यावर फडकं फेकल्यासारखं होतं.

सरोवरी

तारेबद्दल थोडं वेगळं मत. मी १३० पौंडी फ्लुरोकार्बनच्या बाजूने. तार पीळ खाते, दोन-तीन माशांनंतर नागमोडी होते आणि फ्लायची चाल बिघडवते. जाड फ्लुरो ताठ असल्यामुळे फ्लाय उलटवायलाही मदत करतो.

काठावरून

१३० पौंडीला माझी हरकत नाही, ८० पौंडीला आहे. मस्कीचे खालच्या जबड्यातले सुळे धारदार असतात आणि वळसा घेताना लीडर दातांवरून घासला जातो. ८० पौंडी एका घासण्यात खरवडतो, दुसऱ्यात तुटतो, आणि घशात ६/० चा गळ घेऊन मासा जातो. फ्लुरो वापरणाऱ्यांनी प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवावं. कुठे खडबडीत लागलं की बदलायचा. ती शिस्त नसेल तर तार बरी.

सरोवरी

मान्य. १३० च्या खाली नाही, आणि नख फिरवायचंच.

नवखा_मिनियापोलिस

आठ काढणं म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओत हात इतके भरभर फिरतात की काही कळत नाही.

चिपेवा_११

मस्की भक्ष्याच्या मागे बोटीपर्यंत येतो आणि तिथे निर्णय घेतो. तेव्हा फ्लाय पाण्याबाहेर काढली की खेळ संपला. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो न दिसो, आठ काढायचाच. गढूळ पाण्यात मासा मागे असूनही दिसत नाही.

लाइन-लीडरची गाठ रॉडच्या टोकापासून वीतभर बाहेर असताना खेचणं थांबवा. त्याच दमात रॉडचं टोक ६० ते ९० सेंमी पाण्यात खुपसा आणि फ्लाय बोटीला समांतर वळवा. हे पहिलं वळण सगळ्यात महत्त्वाचं, अधिक मासे इथेच तोंड उघडतात. वळण मोठं घ्या. सव्वा मीटरच्या माशाला छोट्या गोलात वळताच येत नाही, तो फ्लाय चुकवतो आणि निघून जातो. वळणात वेग वाढवा, सरळ भागात किंचित कमी करा. थांबू मात्र नका. दोन-तीन पूर्ण आठ. मासा दिसत असेल तर तो जाईपर्यंत.

हे सगळं मनगटाने नाही, गुडघे वाकवून कमरेतून करायचं. डावा हात लाइन कॉर्कवर घट्ट दाबून धरतो.

आठमध्ये मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही. मासा ज्या दिशेने तोंड करून आहे त्याच्या उलट, म्हणजे त्याच्या शेपटीकडे, रॉड आडवा जोराने न्यायचा. वर उचललं तर गळ उघड्या तोंडातून सरळ बाहेर येतो. दूरवर लागला तर रॉडचं टोक फ्लायकडे रोखून ठेवून लाइन हाताने दोन-तीनदा करकचून खेचा. ट्राउटची सवय असलेल्यांचा रॉड आपोआप वर जातो, म्हणून कोरड्या जमिनीवर मित्राच्या हातात लाइनचं टोक देऊन सराव करा. ११ वेट रॉड वाकवून गळावर किती कमी जोर पोचतो हे त्याच्या हाताला लगेच कळतं.

पीसवाली

फेकीबद्दल: मध्ये हवेत चार-पाच झोके नकोत. आठच्या शेवटी लाइन पाण्यावर मांडून तिच्याच ताणावर मागे एक, पुढे सोडून दिली. मागची फेक आडवी, पुढची वरून, असा लंबगोल घेतला की जड फ्लाय झटका देत नाही. वारा फेकणाऱ्या खांद्याकडून येत असेल तर बोटीची बाजू बदला. ६/० चा गळ कानाजवळून जातो, चष्मा आणि टोपी सक्तीची.

ओटावाकाठ

फ्लाय बांधून झाली, पण टाकायची कुठे? नदीत: मोठ्या वळणाच्या आतल्या बाजूचं संथ पाणी, पडलेली झाडं, ओढा जिथे नदीला मिळतो ती जागा, आणि वेगवान पाणी संपल्यावरचा पहिला खोल डोह. मस्की प्रवाहात उगाच ताकद घालवत नाही, पण अन्न वाहून येतं त्याच्या कडेला राहतो. तळ्यात: गवताची बाहेरची कड, खडकाळ उंचवटे आणि त्यांचा खोलीकडचा उतार. उत्तरेकडच्या तळ्यांत शरदात सिस्को नावाचे मासे उथळ खडकांवर अंडी घालायला येतात, मोठे मस्की त्यांच्या मागे असतात. तेव्हा ३० सेंमीच्या वरची पांढरी-चंदेरी फ्लाय. वसंतात अंडी घालून झाल्यावर लगेच १५ ते २० सेंमी पुरे.

रंग पाण्यावरून ठरवा. विस्कॉन्सिनच्या चिपेवा आणि फ्लॅम्बोसारख्या नद्यांचं पाणी चहाच्या रंगाचं, तिथे काळा, नारिंगी, सोनेरी. नितळ तळ्यात पांढरा, ऑलिव्ह, पर्च माशासारखे पट्टे. सांज झाली की काळा, आकाशाच्या उजेडावर त्याची आकृती ठळक दिसते.

एक कळकळीची विनंती. पाणी २७ अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की मस्की सोडून दुसरं काही धरा. गरम पाण्यात प्राणवायू कमी, झुंज दिल्यावर मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. थर्मामीटर खिशात ठेवा.

नवखा_मिनियापोलिस

पाइक आणि मस्की लहान असताना सारखेच दिसतात. नियमांच्या दृष्टीने ओळख कशी पटवायची?

ओटावाकाठ

खालच्या जबड्याच्या तळाशी बारीक छिद्रं असतात, ती मोजा. एका बाजूला सहा किंवा जास्त असली तर मस्की, पाच किंवा कमी तर पाइक. पाइकच्या गालावर पूर्ण खवले, मस्कीच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर. पाइकवर गडद अंगावर फिके ठिपके, मस्कीवर फिक्या अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके, कधी काहीच नाही. शेपटीची टोकं मस्कीत अणकुचीदार, पाइकमध्ये गोलसर. दोघांचा संकर टायगर मस्की, त्याच्यावर उभे पट्टे असतात आणि तो वांझ असतो.

मिनेसोटात बहुतेक तळ्यांसाठी ठेवण्याची किमान लांबी ५४ इंच (१३७ सेंमी) आहे, विस्कॉन्सिनमध्ये सर्वसाधारण ४० इंच, काही पाण्यांना वेगळी. त्या वर्षीची नियमपुस्तिका बघूनच निघा. तसंही या माशाला सोडूनच द्यावं. मादी पक्व व्हायला बरीच वर्षं घेते, मोठी मादी काढून घेतली की ते पाणी लवकर भरून येत नाही.

खडसप्रेमी

पुण्याहून विचारतो. ही उलटी बांधणी आपल्या खडसाला (महसीरला) चालेल का? आणि बकटेल इथे कसं मिळवायचं?

पीसवाली

पद्धत चालेल, माप नाही. खडसाच्या जबड्यात दात नसतात, त्याची चिरडणारी ताकद घशातल्या दातांत. त्यामुळे तार नको, आणि फ्लाय ५ ते १० सेंमीची पुरे. ८ किंवा ९ वेट रॉड. गळ मात्र जाड तारेचा घ्या, खडस घशात दाबून पातळ गळ सरळ करतो.

केसांच्या बाबतीत सावध राहा. चितळ, सांबर वगैरे आपली हरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांचे केस कुणी कितीही प्रेमाने दिले तरी हातात घेऊ नका. कृत्रिम तंतू वापरा, उलटी बांधणी त्यातही जमते. फक्त ते फुलत नाहीत, म्हणून बांध थोडा जास्त उंच घालावा लागतो. शेळीचे लांब केस विंचरून घेतले तर तेही चांगले हलतात.

सरोवरी

मासा सोडण्याच्या सामानाचं कुणी लिहिलं नाही. रबरी जाळीचं मोठं जाळं, तोंड किमान ७५ सेंमी रुंद. ते पाण्यातच तरंगत ठेवायचं, मासा त्यातच राहतो. जाळं म्हणजे पिंजरा समजा, टोपली नव्हे. २५ सेंमीची लांब पकड, जबडा उघडा ठेवणारा ताणा, आणि गळ तोडणारी कात्री. ६/० चा गळ साध्या पकडीने तुटत नाही, पियानोच्या तारा तोडणारी कात्री लागते. गळ खोल असेल तर उपसत बसू नका, दिसतो तिथे तोडा, दोन तुकडे आपोआप सुटतात.

फोटो काढायचा तर कॅमेरा आधी तयार ठेवा. एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, बोटं जबड्याच्या हाडापाशी, लाल कल्ल्यांना स्पर्श नाही. दुसरा हात पोटाखाली. मासा आडवा, १५ सेकंद, परत पाण्यात. मग शेपटीच्या मुळाशी धरून पाण्यात पाठ वर, पोट खाली असा सरळ ठेवा. पुढे-मागे हलवू नका, मागे ओढल्याने कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. तो स्वतः शेपटीने हात झिडकारेपर्यंत थांबायचं.

नवखा_मिनियापोलिस

सर्वांचे आभार. शेवटचं विचारतो, एवढ्या मोठ्या फ्लाय वापरून झाल्यावर ठेवायच्या कशा? डब्यात मावत नाहीत.

पीसवाली

ओल्या डब्यात कोंबू नका, केस वाकडे वाळतात आणि गळाला गंज धरतो. गोड्या पाण्यात खळबळून मोठ्या दाताच्या कंगव्याने डोक्याकडून शेपटीकडे विंचरा, गळाने दोरीवर उलट्या टांगा. पूर्ण वाळल्यावर एकेक फ्लाय पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत, शेपटी आधी आत सरकवून. वाकडे झालेले केस किटलीच्या वाफेवर दहा सेकंद धरले की सरळ होतात. चमकीला मात्र वाफ लागू देऊ नका, ती आक्रसते. पुढच्या वेळी नेण्याआधी बांधावरचं रेझिन तडकलंय का बघा आणि गळाचं टोक पुन्हा नखावर टेकवून बघा.